अनुदान आपलंही आणि त्यांचंही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "काका, आठवणींवर सहा जण बोलणार आहेत, तुम्ही काहीतरी माहितीपर बोला." बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला माहितीपर बोला म्हटलं की तो कर्ज आणि व्याज यांच्याबाहेर जात नाही, हे कमिटीने ओळखायला हवं होतं. मी आज घरासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाबद्दल बोलणार आहे.

हा विषय का, तेही आडपडदा न ठेवता सांगतो. पुढच्या महिन्यात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर मागच्या सामायिक रस्त्यावर भिंत आणि कुलूपबंद गेट घालण्याचा ठराव आहे. पलीकडच्या प्लॉटवर मोठा गृहप्रकल्प उभा राहतो आहे आणि त्यातली काही घरं म्हाडाच्या सोडतीतून अल्प उत्पन्न गटाला जाणार आहेत. लिफ्टमध्ये, बागेत, किराणा दुकानासमोर मी गेले दोन महिने एकच वाक्य ऐकतो आहे : "ही फुकटच्या घरांतली माणसं आपल्या रस्त्याने जाणार." हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नाहीत. माझे शेजारी आहेत, माझ्या आजारपणात डबा देणारे आहेत. म्हणूनच या वाक्यातला हिशेब तपासून बघावा असं वाटलं. हिशेब तपासणं हाच माझा जन्माचा धंदा.

आधी थोडा इतिहास. आपल्याला वाटतं, सोसायटी ही पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने आपल्या बळावर काढलेली वस्तू. ते बरंचसं खरं आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली. रावबहादूर तालमकी हे त्यामागचे प्रमुख कार्यकर्ते. गावाहून नोकरीसाठी आलेल्या कारकून मंडळींना परवडणाऱ्या भाड्यात धड जागा मिळेना, म्हणून चार जण एकत्र आले. आपण २००० साली नोंदणी केली तेव्हाही यापेक्षा वेगळं काय घडलं होतं?

सरकार या क्षेत्रात हळूहळू उतरलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात गृहनिर्माण मंडळ आलं. १९५२ मध्ये केंद्राने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली. १९७० मध्ये हुडको, १९७७ मध्ये म्हाडा, १९८५ मध्ये खेड्यांसाठी इंदिरा आवास, २००१ मध्ये शहरी झोपडपट्ट्यांसाठी वाल्मिकी आंबेडकर आवास, २००५ मध्ये जेएनएनयूआरएम आणि २५ जून २०१५ रोजी पंतप्रधान आवास योजना. नावं बदलली, पक्ष बदलले, पण आतलं गणित तेच राहिलं. घराची किंमत आणि गरीब माणसाची ऐपत यांच्यात एक दरी असते. तिच्यातला काही भाग सरकार भरतं, काही भाग बँक कर्जाने भरते आणि उरलेला भाग त्या माणसाला स्वतःला भरावा लागतो. पूर्ण फुकट अशी घरं आपल्याकडे प्रामुख्याने झोपडपट्टी पुनर्वसनात मिळतात. तिथेही तो खर्च त्याच जमिनीवरच्या विक्रीच्या इमारतीतून निघतो. बाकी ठिकाणी लाभार्थी पैसे भरतो. आणि बऱ्यापैकी भरतो.

आता पलीकडच्या प्लॉटचं बघू. २०१३ साली महाराष्ट्राने नियम केला की दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्याने वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची. त्यांची सोडत म्हाडा काढतं. तेवढा एफएसआय बिल्डरला जादा मिळतो. ही घरं विकत घ्यावी लागतात. किंमत बाजारभावापेक्षा कमी असते, पण लाखांतच असते, आणि कर्ज काढल्याशिवाय ती कोणाला जमत नाही. म्हणजे जे शेजारी येणार आहेत ते हप्ता भरणारे शेजारी आहेत. आपण भरत होतो तसेच.

आता खऱ्या हिशेबाकडे येतो. ज्येष्ठ सभासदांनी जरा २००१ सालात जावं. आपल्यापैकी बहुतेकांनी चार-पाच लाखांचं कर्ज काढलं होतं. आपण पाच लाख धरू, व्याज बारा टक्के, मुदत पंधरा वर्षं. दर तोच राहिला असं समजा. महिन्याचा हप्ता येतो साधारण ६,००१ रुपये. पंधरा वर्षांत भरले सुमारे १० लाख ८० हजार. त्यात व्याज ५ लाख ८० हजार. बरोबर?

आता आठवा. दर फेब्रुवारीत आपण बँकेकडून व्याजाचा दाखला आणून ऑफिसमध्ये देत होतो. कशासाठी? आयकराच्या कलम २४ खाली राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळायची. १९९९ च्या बजेटमध्ये मर्यादा ७५ हजार झाली, २००० मध्ये एक लाख, २००१ मध्ये दीड लाख आणि पुढे २०१४ मध्ये दोन लाख. आपलं सगळं व्याज त्या मर्यादेत बसत होतं. जो वीस टक्क्यांच्या टप्प्यात होता त्याचा पंधरा वर्षांत १ लाख १६ हजार कर वाचला. जो तीस टक्क्यांत होता त्याचा १ लाख ७४ हजार. मुद्दलावरची सवलत यात धरलेली नाही, ती वेगळी.

हा पैसा कुठून आला? सरकारच्या तिजोरीत जाणार होता, तो गेला नाही. आपल्या घरात राहिला. त्याला आपण अनुदान म्हणत नाही, कारण त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही, मंत्री चावी देत नाहीत आणि तहसील कचेरीत रांग लावावी लागत नाही. तो फॉर्म सोळामध्ये गुपचूप बसलेला असतो.

आता त्या बाजूचा आकडा घ्या. पंतप्रधान आवास योजनेत शहरातल्या दुर्बल घटकातल्या कुटुंबाला, म्हणजे वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्याला, भागीदारीतल्या घरासाठी किंवा स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख मिळतात. महाराष्ट्र सरकार एक लाख घालतं. एकूण अडीच लाख, आयुष्यात एकदा. आपल्याला मिळालेले १ लाख १६ हजार ते १ लाख ७४ हजार हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे रुपये होते. तेव्हा पेट्रोल तिशीच्या आसपास होतं. आजच्या रुपयांत त्याचे किती होतील हे मी सांगत नाही, तुम्ही सगळे हिशेबी आहात.

तरुण मंडळींना वाटेल, हा सगळा म्हाताऱ्यांचा जमाखर्च. तुमचंही सांगतो. २०१७ पासून त्याच आवास योजनेत मध्यम उत्पन्न गटासाठी व्याजाची सबसिडी होती. बारा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर नऊ लाखांच्या कर्जावर चार टक्के, अठरा लाखांपर्यंत असेल तर बारा लाखांच्या कर्जावर तीन टक्के. वीस वर्षांच्या सबसिडीचं आजचं मूल्य काढून ती रक्कम एकदम कर्जखात्यात जमा व्हायची. जास्तीत जास्त पहिल्या गटाला २ लाख ३५ हजार, दुसऱ्याला २ लाख ३० हजार. २०२१ च्या मार्चमध्ये ती बंद झाली. आपल्याच सोसायटीतल्या मुलांनी बाहेर घर घेताना ती घेतलेली आहे. पेढे मीही खाल्ले आहेत. त्यात काही गैर नाही. नियमात बसत होतं, घेतलं. पण महिना दीड लाख कमावणाऱ्याला सव्वादोन लाख मिळाले तर ती योजना, आणि महिना पंधरा हजार कमावणारीला अडीच लाख मिळाले तर ते फुकट, हे माझ्या वहीत जुळत नाही.

आता हे अनुदान प्रत्यक्ष हातात कसं पडतं ते सांगतो. कारण आपल्यापैकी अनेकांचा समज असा की अर्ज केला, खात्यात अडीच लाख आले, मजा झाली.

स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा जो प्रकार आहे, त्याला आपल्याकडे कार्यालयात 'घटक चार' म्हणतात. त्यात पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. जोता झाला की फोटो, लिंटेल झालं की फोटो, स्लॅब पडला की फोटो. माणूस येऊन मोबाईलवर जिओ टॅग करतो, मग त्या टप्प्याचा पैसा खात्यात येतो. पद्धत चांगली आहे. मधल्यामध्ये पैसा मुरत नाही. पण जोत्यापर्यंतचं काम कोणाच्या पैशाने करायचं? जुनी खोली पाडली तर बांधकाम होईपर्यंत भाड्याने कुठे राहायचं? डिपॉझिट कुठून द्यायचं? अनुदान काम झाल्यावर येतं, आणि गरिबाला अडचण काम सुरू करतानाच असते. या फटीत सावकार बसलेला असतो. महिना पाच टक्के. अडीच लाखांतला केवढा तरी भाग त्या फटीत जातो.

दुसरा प्रकार भागीदारीतल्या घरांचा. पुणे महापालिकेने हडपसर, खराडी, वडगाव खुर्दला अशा इमारती बांधल्या. पिंपरी-चिंचवडने चऱ्होली, बोऱ्हाडेवाडीला. तिथे अनुदान किमतीतून वजा होतं आणि बाकीचे लाख लाभार्थीने आणायचे. म्हणजे बँकेचं कर्ज. आणि इथे माझ्यासारख्या माणसाशी गाठ पडते. बँक विचारते, पगाराची स्लिप? चार घरी भांडी घासणाऱ्या बाईला स्लिप कोण देणार? आपण देतो का? बँक विचारते, आयकर विवरण? ती म्हणते, ते काय असतं? २००८-०९ च्या सुमारास केंद्राने शहरी गरिबांसाठी एक लाखापर्यंतच्या घरकर्जावर पाच टक्के व्याज सवलत आणली होती. माझ्या शाखेत तिची प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. व्याज स्वस्त होतं, पण जागेचे कागद आणि उत्पन्नाचे कागद कोणाकडे नव्हते. पुढे २०१२ मध्ये अशा कर्जांना हमी देणारा निधी केंद्राने काढला, आता तो वाढवलाही आहे. चांगली गोष्ट आहे. पण हमी निधी कर्ज बुडाल्यावर बँकेच्या उपयोगाचा. अर्ज टेबलावर येण्यासाठी कागदच लागतात.

हे कागद म्हणजे काय, ते मला मागच्या वर्षी फार जवळून बघायला मिळालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, एकोणीस वर्षं येत आहेत. आपल्या सोसायटीत पाच घरी काम करतात. एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "काका, ते घराचं फारम खरं असतं का? एक जण पाच हजार मागतोय, नंबर लावून देतो म्हणतोय." मी म्हटलं, "एक पैसा देऊ नका. उद्या कागद घेऊन या."

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं आलं. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकात दोन्हीची खिचडी. नवऱ्याच्या आधारवर गावाचा पत्ता. उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांपूर्वीचा. आणि मोठी काळजी ही, की "गावाला पक्कं घर आहे, मग आम्हाला मिळणार नाही ना?" मी विचारलं, घर कोणाच्या नावावर? तर सासऱ्यांच्या. नियम असा आहे की कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. सासऱ्यांचं घर सासऱ्यांचं. त्या बाईने या एका गैरसमजापायी सात वर्षं अर्जच केला नव्हता. पहिली योजना आली आणि गेली.

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे, शहरांत एक कोटी कुटुंबांसाठी. त्यात एक अट अशी की मागच्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी घरयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी कोणाला पाच हजार द्यावे लागत नाहीत. आम्हाला नावं एकसारखी करायलाच अडीच महिने लागले. ताईंची चार दिवसांची मजुरी त्यात बुडाली, म्हणजे आपल्यापैकी चार घरांनी तेवढे खाडे कापले असतील. अर्ज आता गेला आहे. घर लागेल का, माहीत नाही. पण अर्ज तर गेला. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर हवं, ही त्यातली अट सांगितली तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर? कागदावर?" मी म्हटलं, कागदावर.

मंडळी, घर मिळालं म्हणजे संपत नाही. या विषयाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे वस्ती. निव्वळ भिंतींना पैसे देऊन वस्ती होत नाही, हे सरकारलाही उशिरा का होईना कळलं. म्हणून जेएनएनयूआरएममध्ये शहरी गरिबांसाठी सात गोष्टी एकत्र मांडल्या होत्या : राहण्याचा हक्क, घर, पाणी, स्वच्छता, शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा. त्याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातच आहे, येरवड्यात. तिथल्या काही वस्त्यांत लोकांना उचलून दूर कुठे टाकलं नाही. ज्याचं घर जिथे होतं तिथेच, त्याच गल्लीत, कच्चं पाडून पक्कं बांधलं. साधारण २७० चौरस फुटांचं घर. खर्चात केंद्राचा निम्मा वाटा, मग राज्य आणि महापालिका, आणि कुटुंबाचा दहाव्या भागाच्या आसपास. महिला मिलनच्या बायका, संस्थेचे कार्यकर्ते आणि वास्तुरचनाकार घरोघरी बसून नकाशे ठरवत होते. गल्ली तीच राहिली, शेजारीण तीच राहिली, कामाचं ठिकाण तेवढ्याच अंतरावर राहिलं. घर बदललं पण पत्ता बदलला नाही, याची किंमत ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला विचारा.

दुसरं उदाहरण सोलापूरचं. नोकरीत असताना मी काही वर्षं तिथे होतो. पूर्वभागातल्या घराघरांतून विड्या वळणाऱ्या बायका मी रोज बघत होतो. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, तोंडाने गप्पा आणि बोटं चालूच. पावसाळ्यात खोली गळली की पान भिजायचं आणि दिवसाची मजुरी जायची. या बायकांनी सहकारी संस्था काढली. हो, आपल्यासारखीच सहकारी गृहनिर्माण संस्था. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. केंद्र, राज्य आणि ती कामगार बाई, असे तिघांचे पैसे त्यात होते. त्यांचे नेते माजी आमदार नरसय्या आडम मास्तर. पुढे त्याच कुंभारीला रे नगर नावाने तीस हजार घरांची योजना झाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, चिंध्या वेचणारे, बांधकाम मजूर. पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये आणि पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी, दोन्ही वेळा पंतप्रधानांच्या हस्ते. आता बघा, नेतृत्व लाल बावट्याचं आणि चावी देणारे दुसऱ्या टोकाच्या पक्षाचे. घर या विषयाला पक्ष नसतो, हे यातून मी शिकलो. आपल्या कमिटीतही दोन पक्षांची माणसं आहेत आणि पाण्याच्या टाकीवर त्यांचं एकमत होतं, तसंच.

पण तिथेही सगळं गोड नाही. शहराबाहेर घर म्हणजे बस हवी, शाळा हवी, दवाखाना हवा, पाणी हवं. घराचं अनुदान आधी येतं आणि बाकीच्या गोष्टी मागून रडतखडत येतात. हा अनुभव सगळीकडचा आहे. म्हणून शहराच्या आत, जिथे रस्ता, नळ, शाळा आधीच आहे, तिथे थोडी थोडी घरं मिसळून असावीत हा वीस टक्क्यांच्या नियमामागचा विचार मला पटतो. आपल्या ताईंना कुंभारीएवढ्या लांब घर मिळालं तर आपल्या पोळ्या कोण करणार, हा स्वार्थी प्रश्नही विचारून बघा.

आता ठरावाकडे वळतो. भिंतीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले गेले आहेत. पहिला पार्किंगचा. त्या प्रकल्पातली ऐंशी टक्के घरं पूर्ण किमतीची आहेत. गाड्या त्यांच्याकडे असणार, एकेका घरी दोन-दोन. सोडतीच्या घरांत बहुतांश दुचाकी. मग भिंत कोणासाठी? दुसरा मुद्दा पाण्याच्या दाबाचा. तो रास्त आहे, पण पाणी रस्त्याने चालत येत नाही, पाइपने येतं. त्यासाठी महापालिकेकडे मिळून अर्ज करावा लागेल, आणि दोन सोसायट्यांचा अर्ज एका सोसायटीपेक्षा जड असतो. तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत ज्या चोऱ्या झाल्या त्यांचं रजिस्टर ऑफिसात आहे. ते वाचून मग बोलावं एवढीच विनंती. आणि रस्ता लेआउटमधला सामायिक आहे. तो अडवता येतो का हे वकिलाला विचारल्याशिवाय ठराव करणं म्हणजे पुढच्या कमिटीच्या गळ्यात कोर्टाचं प्रकरण बांधणं.

नुसतं 'हे करू नका' म्हणून खाली बसणं बरं नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक. भिंतीचा ठराव पुढे ढकलावा आणि पलीकडची सोसायटी नोंदली गेली की दोघांची एक समन्वय समिती करावी. रस्त्याचे दिवे, गतिरोधक, पाणी हे तिच्याकडे.

दोन. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आपलं ऑफिस उघडं ठेवावं. आपल्याकडे तीन वॉचमन आहेत, दोन सफाई कामगार, इस्त्रीवाले, दूधवाले आणि घरकामाला येणाऱ्या बऱ्याच भगिनी. त्यांचे कागद तपासायचे, नावातले फरक दुरुस्त करायला सांगायचे, अर्ज भरून द्यायचे. आपल्या सोसायटीत निवृत्त बँकवाले चार, महसूल खात्यातले एक, वकील दोन आहेत. कॉम्प्युटरला बसायला मागच्या रांगेतली मंडळी आहेत. आता त्यांनी मोबाईल खाली ठेवला, बघा. आणि घरकामाच्या पगाराचं साधं पत्र प्रत्येक घराने सही करून द्यावं. बँकेला दाखवायला तेवढा तरी आधार होतो. खाडे धरताना त्या दिवशी कचेरीत गेली असेल तर पगार कापू नये, एवढंही करता येईल.

तीन. पलीकडे नवी सोसायटी होईल तेव्हा तिला आपल्याकडचं शहाणपण उसनं द्यावं. अनुदानाच्या इमारती कशाने बिघडतात? बांधकामाने थोड्या, देखभालीने जास्त. लिफ्ट बंद पडते, वर्गणी कोणी देत नाही, टाकी धुतली जात नाही, आणि पाच वर्षांत लोक म्हणतात, बघा, गरिबांना घरं दिली की असंच होतं. तसं नसतं. घर पहिल्यांदाच मिळालेल्या माणसाला सिंकिंग फंड कोणी समजावून सांगितलेला नसतो. आपल्याला तरी कुठे माहीत होता? आदर्श उपविधीत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी सांगितला आहे. आपण तो पहिल्या वर्षापासून जमवला, म्हणून यंदा बाहेरून रंग देताना कोणाला जादा वर्गणी मागावी लागली नाही. ही माहिती द्यायला पैसे लागत नाहीत. वह्या दाखवल्या, ऑडिटरचं नाव सांगितलं, पहिल्या दोन सभांना आपला एक माणूस जाऊन बसला, तरी खूप झालं.

१९१५ सालच्या त्या कारकुनांना आपली माणसं म्हणून कोणीतरी जवळ केलं. आपल्याला आयकर खात्याने सवलत दिली, बँकेने कर्ज दिलं, सहकार कायद्याने एकत्र बसायला जागा दिली. एकट्याच्या जोरावर घर झालेला माणूस मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. कुठे ना कुठे दुसऱ्याचा हात लागलेला असतोच. तो हात आपल्याला लागला होता हे आठवलं, तर पुढच्या महिन्याच्या सभेत कोणाला कसं मत द्यायचं हे मी सांगायची गरज नाही. सभेला मात्र या. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची आपली पंचवीस वर्षांची परंपरा यंदा तरी मोडू या.